नॅनोची बातमी, मामांची केमो आणि माझा काळ्या बाइंडिंगचा थिसिस

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात कुणाची केमो चालू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी जमेल तसं.

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. रात्री साडेनऊला. मामा एरवी साडेआठला झोपणारा माणूस, त्यामुळे रिंग वाजली तेव्हाच पोटात गोळा आला. म्हणाले, "तुला एक पाठवलंय, बघितलंस का?" बघितलं. बातमीचं कात्रण होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर नॅनो औषध, थेट गाठीवर हल्ला, निरोगी पेशींना धक्काही नाही, केमोच्या त्रासातून सुटका. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'एखाद्याचा जीव वाचेल, पुढे पाठवा.'

मामा म्हणाले, "तू त्या नॅनोवरच शिकलास न्हवं? मग आपल्याला का देत न्हाईत ते? आणि तेवढ्यासाठी जरा थांबलं तर चालंल का? पुढची केमो आत्ता नको म्हणतोय मी."

मला दोन मिनिटं काय बोलावं सुचलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता. मी खरंच 'त्या नॅनोवरच' शिकलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. एम. फार्म.ला माझा विषय होता ५-फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे १९५७ सालापासून माहीत असलेलं, आजही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला पहिलं हाताशी येणारं औषध. ते कायटोसानच्या नॅनोकणांत भरायचं. कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या टरफलापासून काढतात तो पदार्थ. तो पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, चुंबकावर फिरत ठेवायचा आणि वरून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पाण्याला किंचित दुधाळ झाक आली की समजायचं, कण झाले. मग त्यावर असं आवरण चढवायचं की जे पोटातल्या आम्लात टिकेल आणि मोठ्या आतड्याजवळ गेल्यावरच विरघळेल. कल्पना सुंदर आहे, आजही मला ती आवडते. तोंडाने घेतलेलं साधं औषध वाटेत पोटात, लहान आतड्यात शोषलं जातं आणि सगळ्या अंगभर फिरतं. हे मात्र पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखं जिथं जायचं तिथंच उघडेल.

आता त्या पाकिटाची परीक्षा मी कशात घेतली ते ऐका. काचेच्या भांड्यात. पहिले दोन तास आम्ल, मग आम्लता कमी केलेलं द्रावण, शेवटी त्यात उंदराच्या आतड्यातला थोडा मळ, कारण मोठ्या आतड्यातले जिवाणू हवेत ना. औषध 'योग्य ठिकाणी' सुटलं. म्हणजे भांड्याच्या योग्य तासाला सुटलं. मग पैसे भरून एका लॅबकडून पेशींवर टेस्ट करून घेतली. त्या पेशी १९६४ साली एका बाईच्या गाठीतून काढून तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये वाढवत आणलेल्या. त्या मेल्या. आलेख छान आला. एक्स्टर्नल सरांनी कणांचा आकार विचारला, त्यावरचा विद्युतभार विचारला, चहा घेतला, आणि मी पास झालो. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं. एक प्रत लायब्ररीत, एक गाइडकडे, एक आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात.

त्या थिसिसच्या शेवटच्या पानावर मी लिहिलंय की हे सूत्रीकरण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आशादायक आहे. सगळेच लिहितात. मी आज ज्या मुलांना शिकवतो तीही लिहितात, आणि मी सही करतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या फार्मसी कॉलेजच्या लायब्ररीत जा, 'कोलन टार्गेटेड' लिहिलेले प्रबंध फळीवर ओळीने दिसतील. औषध तेच, कण तेच, आवरणाचं नाव फक्त वेगळं. त्यातला एकही मामांच्या सलाइनच्या स्टँडपर्यंत पोहोचलेला नाही.

म्हणून म्हणतो, ह्या बातम्यांवर मी रागावतो तेव्हा त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

पण 'नॅनो म्हणजे सगळी थाप' असंही कुणी कमेंटमध्ये लिहू नका, ते खोटं आहे. डॉक्सिल नावाचं औषध अमेरिकेत १९९५ सालीच मंजूर झालं. डॉक्सोरुबिसिन हे जुनं केमोचं औषध चरबीच्या सूक्ष्म फुग्यात बंद केलेलं, फुगा साधारण १०० नॅनोमीटरचा. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर, त्यावरून अंदाज घ्या. फायदा काय झाला? साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला जो मार बसायचा तो बराच कमी झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत दोन्हींची तुलना झाली तेव्हा मात्र आयुष्य काही वाढलं नाही, जवळजवळ तेवढंच राहिलं. आणि तळहात-तळपायाची कातडी सोलून निघण्याचा त्रास नव्या औषधाने वाढला. हृदय वाचणं ही लहान गोष्ट नाही. पण 'निरोगी पेशींना धक्काही नाही' असं त्या औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं नाही, ते फक्त बातमीत असतं.

यात आपण मागास आहोत असंही नाही बरं का. २०१२ साली अमेरिकेत ह्याच डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या एफडीएने आपल्या मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला परवानगी दिली, आणि २०१३ मध्ये सनच्याच जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. आपल्याकडे नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वंही केंद्राने २०१९ मध्ये काढली आहेत.

मग मोठ्या आतड्याचं काय? इथे गंमत बघा. इरिनोटेकॅन हे ह्याच कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं औषध. त्याची नॅनो आवृत्ती निघाली, ओनिवाइड. २०१५ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. पण कशासाठी? पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी म्हणून एफडीएने मंजूर केलेलं नॅनोकणांचं केमोऔषध आजही नाही. चाळीस वर्षं ह्या विषयावर जगभर पेपर निघतायत, तरी नाही.

असं का, हे मामांना मी ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत सांगतो.

गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या घरासारख्या, भिंतींना फटी. त्या फटींतून नॅनोकण गाठीत शिरतात आणि आतच अडकून राहतात, हे १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं. सगळी इमारत ह्या पायावर उभी राहिली. पण उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, शरीराच्या मानाने केवढी तरी मोठी, आणि गळकी. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली. तिच्या भिंती तशा असतीलच असं नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचले किती? मध्यक निघाला ०.७ टक्के. म्हणजे हजारातले सात. हा हिशोब मांडायच्या पद्धतीवर नंतर वाद झाले, साधं औषध तरी गाठीत कुठे ढीगभर जातं असंही काहींनी बरोबरच विचारलं. पण 'थेट गाठीवर हल्ला' हे शब्द त्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

बाकीचे ९९३ जातात कुठे? बरेचसे यकृतात आणि प्लीहेत. रक्तातला परका कचरा गोळा करणं हे तिथल्या काही पेशींचं कामच आहे आणि त्या ते इमानदारीने करतात.

आणि आता जो मुद्दा मला थिसिस करताना एकदाही सुचला नाही, कुणी विचारलाही नाही, तो. मी तोंडाने घ्यायचं, आतड्यात जाऊन उघडणारं पाकीट बनवत होतो. पण आतड्यातली गाठ तर सर्जन काढतो! मामांचीही काढली. आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडली की तिथला प्रश्न बहुतेक वेळा मिटतो. ह्या रोगाने माणूस जातो तो प्रामुख्याने पेशी यकृतात, फुप्फुसात पसरल्यामुळे. ऑपरेशननंतर केमो देतात तीही अंगात कुठेतरी लपून बसलेल्या, दिसत नसलेल्या पेशींसाठी. त्यांच्यामागे औषध अंगभरच फिरावं लागतं. मग फक्त आतड्यातच उघडणारं पाकीट कुणाच्या उपयोगाचं? आतड्याला आतून सूज येते त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसला असं आवरणाचं औषध चालतं. मेसालामाइनच्या गोळ्या वर्षानुवर्षं मिळतायत, त्यात नॅनो वगैरे काही नाही. कारण तो रोगच आतल्या अस्तरात असतो. कॅन्सरचं गणित वेगळं. मी ज्या घराचा पत्ता लिहीत होतो, चोर ते घर सोडून कधीच गेलेला.

काही गट यकृतातल्या गाठींपर्यंत जाणारे, पेशींवरच्या विशिष्ट कुलपाला लागणारी किल्ली लावलेले कण बनवतायत. ते काम व्हायलाच हवं. पण तिथेही दमछाक किती आहे बघा. किल्लीवाल्या नॅनोकणांचा गाजावाजा करून उभी राहिलेली बाइंड थेरप्युटिक्स नावाची अमेरिकन कंपनी, एमआयटीच्या रॉबर्ट लँगर यांच्यासारखा माणूस तिच्या संस्थापकांत. २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. माणसांवरच्या चाचण्यांत अपेक्षित यश आलं नाही. ही बातमी तुमच्या कुठल्या ग्रुपवर आली होती?

आता मामांचं सांगतो, कारण खरा विषय तिथे आहे.

मामांना शौचातून रक्त जायला लागलं त्याला मामींच्या हिशोबाने चौदा महिने झाले होते, तेव्हा कुठे निदान झालं. चौदा महिने काय केलं? मूळव्याध. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर, वडाच्या बुंध्यावर, रिक्षाच्या पाठीमागे कुठल्या रोगाची जाहिरात नसेल पण मूळव्याध-भगंदरची असतेच. 'विनाऑपरेशन, गॅरंटीने.' मामांनी आधी चूर्ण घेतलं, मग एकाकडे क्षारसूत्र, मग एका दवाखान्यात मलम आणि गोळ्या. बोट घालूनसुद्धा कुणी तपासलं नाही, दुर्बीण तर लांबच. वजन उतरलं तर म्हणाले, उन्हाळा आहे. हिमोग्लोबिन सात आलं तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं रक्त विनाकारण एवढं कमी का झालं, हा प्रश्न पडला तो चौथ्या डॉक्टरला. कुणाची नावं घेत नाही. त्यातले दोघे माणूस म्हणून चांगले आहेत, अजूनही आम्ही नमस्कार करतो.

कोलोनोस्कोपी जवळ कुठे होते म्हणून मी विचारत फिरलो. तालुक्याला नाही. सरकारीत जिल्ह्याला या म्हणाले, जिल्ह्याला गेलो तर मशीन बंद. शेवटी खासगीत केली. उपचाराला महात्मा फुले योजना लागू झाली, ऑपरेशन त्यात झालं, ते नाकारत नाही. पण निदान होईपर्यंतचे महिने आणि पैसे आमचे आम्हीच घातले, आणि आमच्या भागात जवळपास प्रत्येक घराचा हाच अनुभव आहे. गाठींमध्ये रोग गेला होता. तिसरी स्टेज.

अमेरिकेतल्या नोंदी सांगतात: हा कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास, दूर पसरल्यावर सापडला तर १५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडचे आकडे याहून बरे असण्याचं काही कारण मला दिसत नाही. ह्या दोन आकड्यांमधलं अंतर आज कुठलाही नॅनोकण भरून काढत नाही. ते एका दुर्बिणीने भरतं, वेळेवर झाली तर.

सरकारचा तीस वर्षांवरच्यांचा कॅन्सर तपासणीचा कार्यक्रम आहे, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. मोठं आतडं नाही. आपल्या देशात ह्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, त्यामुळे सरसकट सगळ्यांची तपासणी करा असं मीही म्हणणार नाही, एवढे हात आणि पैसे नाहीत. पण ज्याला रक्त जातंय, शौचाची सवय बदललीय, ज्याचं हिमोग्लोबिन कारण नसताना पडलंय, त्याची दुर्बीण जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा दिवसांत फुकट व्हावी, एवढी मागणी अवास्तव आहे का? देशात वर्षाला ७० हजारांच्या आसपास नवे रुग्ण. हा आकडा पेलणारा आहे.

ह्या मागणीची बातमी होत नाही. होणारही नाही. दुर्बीण काही नवी नाही.

बाजारात नॅनो शब्दाचं काय चाललंय तेही सांगून टाकतो. मामांना कात्रणापाठोपाठ एका नातेवाइकाने 'नॅनो हळद' दिली. एवढीशी बाटली, किंमत ऐकून मामी गप्पच बसल्या. हळदीतल्या कर्क्युमिनवर नॅनोकणांचे प्रयोग झालेत हे खरं, कारण ते एरवी अंगी लागतच नाही. पण खाद्यपूरक म्हणून विकलेल्या बाटलीने मोठ्या आतड्याचा कॅन्सर बरा होतो असं माणसांवर कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता असं काही घेणं धोक्याचं, कारण यकृताला दोन्हींचा भार. दुसरा एक वर्ग म्हणतो, सुवर्णभस्म म्हणजे आपलं प्राचीन नॅनोच. भस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडलेत, बरोबर. वाहनांच्या धुरातही सापडतात नॅनो आकाराचे कण. आकार लहान असला म्हणजे पत्ता माहीत असतो असं नाही.

तर त्या रात्री मी मामांना काय सांगितलं? विचारलं, "केमो का नको वाटतेय, ते आधी सांगा." मग हळूहळू बाहेर आलं. त्यांना ऑक्सालिप्लॅटिनचं सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू होत्या, आठपैकी तीन झाल्या होत्या. पहाटे म्हशीची धार काढायला बादलीतल्या गार पाण्यात हात घातला की विजेचा झटका बसल्यासारखं होतं. फ्रिजला हात लावता येत नाही. शर्टाची बटणं मामी लावतात. तिसऱ्या केमोनंतर तर हे पुढची तारीख आली तरी गेलं नव्हतं. मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगितलंत का? तर म्हणाले, "न्हाई. रागावत्याल म्हणलं. आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरला बटणाचं काय सांगायचं?"

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांना नॅनो नको होतं. मामांना हाताच्या मुंग्यांवर उपाय हवा होता आणि तो मागायची सोय नव्हती. ओपीडीत वाट्याला तीन मिनिटं येतात, त्यात माणूस 'बरं आहे' म्हणून उठतो. मग रात्री कात्रण आलं की तेच खरं वाटायला लागतं. केमो अर्ध्यावर सोडणारे सगळे अडाणी नसतात हो. त्यांचं दुखणं कुणी ऐकून घेतलेलं नसतं.

पुढच्या वेळी मी सोबत गेलो. कागदावर लिहून नेलं: मुंग्या किती दिवस टिकतात, बटणं लागत नाहीत, बादलीचं पाणी. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. उलट म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? सलाइनच्या औषधाचा डोस त्यांनी कमी केला, त्रास तसाच राहिला तर ते थांबवून नुसत्या गोळ्या पुढे चालू ठेवू म्हणाले. हे कुठल्याही बातमीत नसणारं, साधं, वर्षानुवर्षं चालत आलेलं वैद्यक आहे. मामांनी चौथी घेतली. पाचवी येत्या गुरुवारी आहे. धार सध्या मामेभाऊ काढतो, आणि म्हैस त्याला दूध कमी देते अशी मामांची तक्रार आहे.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. यंदा माझ्याकडे येणाऱ्या एम. फार्म.च्या मुलांना 'कोलन टार्गेटेड नॅनो' हा विषय हवा असेल तर पहिल्या प्रकरणात लिहावं लागेल की हे कुठल्या स्टेजच्या रुग्णाला, ऑपरेशनच्या आधी की नंतर, आणि सध्याच्या कुठल्या औषधाऐवजी द्यायचं. उत्तर लिहिता आलं तर खुशाल करा. नाही आलं तर आमच्याच जिल्ह्यात केमो अर्ध्यावर सोडणाऱ्या पन्नास रुग्णांना भेटा, का सोडली विचारा, तोच प्रबंध. आमच्या विभागात काही जणांना हे आवडलेलं नाही, त्यात प्रयोगशाळा कुठे आहे म्हणतात.

पत्रकार मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी प्रेसनोट आली की प्रयोग उंदरावर झालाय की माणसावर, एवढा एक शब्द मथळ्यात घाला. सातव्या परिच्छेदात नको, तिथपर्यंत आमचे मामा वाचत नाहीत.

आणि तुम्हा सगळ्यांना एक काम. तुमच्या तालुक्यापासून सगळ्यात जवळची सरकारी कोलोनोस्कोपी कुठे होते, मशीन चालू आहे का, किती दिवसांनी नंबर लागतो, हे कमेंटमध्ये लिहा. ऐकीव नको, गेलेल्यांनीच लिहा. पुढच्या रविवारपर्यंत जेवढं जमेल तेवढ्याची तालुकावार यादी करून मी इथेच टाकतो, आणि तीच छापून जिल्हा शल्यचिकित्सकांना देऊन पोच घेतो.

ज्यांना मी कात्रण पाठवायला हवंय असं वाटतं त्यांनी पाठवा, वाचेन. पण आधी आपापल्या गावाचं लिहा.